गिअरचे दात

खाडीच्या तोंडाशी कोळंबी आली आणि त्याच सकाळी सबुरीच्या होडीचं इंजिन गेलं.

गेलं म्हणजे बंद पडलं नाही. उलट नेहमीपेक्षा जोरात ओरडत होतं. निळा धूर सोडत होतं, मागून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार टाकत होतं, वर हात ठेवला तर हात थरथरवत होतं. होडी मात्र जागची हलत नव्हती. पाण्याखालच्या एका ओंडक्यावर पंखा आदळला होता, खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला होता, आणि तेव्हापासून वरचं इंजिन आणि खालचा पंखा यांचा एकमेकांशी संबंध सुटला होता.

"गिअर टाकून बघ," सबुरी जाळं आवरता आवरता म्हणाला.

"टाकलाय."

"मग काढून परत टाक."

"तेही केलं." त्याच्या बायकोने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. "आतले दात गेले."

सबुरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कोणी काही विचारलं, घाई केली, अंगावर धावून आलं, तरी तो आधी "सबुरी" म्हणायचा, तेच नाव पडलं. बायकोला गावातले लोक मिस्त्रीण म्हणत, निम्मं थट्टेने आणि निम्मं गरजेपोटी, कारण बंदरावर कुणाचं इंजिन अडलं की निरोप तिलाच यायचा. जाळं नवऱ्याचं आणि इंजिन बायकोचं, अशी त्यांच्या होडीची वाटणी होती. तिच्या लग्नात तिच्या बापाने दागिना दिला नव्हता, हे इंजिन दिलं होतं. होडीच्या मागे टांगायचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. एका जहाज कंपनीने जुना माल काढला तेव्हा त्याने अगदी सारखी दोन इंजिनं उचलली होती. एक मुलाला दिलं, एक मुलीला. म्हातारा गेला, कंपनीने ते मॉडेल बनवायचं सोडलं, पण दोन्ही इंजिनं चालत राहिली होती.

सबुरीने वल्ही काढली. ओहोटी उलटी होती आणि ऊन डोक्यावर आलं होतं. एकेक होडी कोळंबीच्या पाट्या भरून बाजूने निघून जात होती, आणि प्रत्येक होडीची लाट यांच्या होडीला हलवून जात होती.

"काय सबुरी, व्यायाम चाललाय?" एकाने जाता जाता विचारलं.

"डॉक्टरने सांगितलाय," सबुरी म्हणाला आणि वल्हं मारत राहिला. तळव्यांना फोड आले होते, ते त्याने बायकोला दाखवले नाहीत. तिच्याही हातातलं दुसरं वल्हं मघापासून तिरकं पडत होतं, तेव्हा तिलाही आले असणार, हे त्याला कळत होतं.

घरी आल्यावर इंजिन अंगणातल्या लाकडी घोड्यावर टांगलं. मिस्त्रिणीने खालचा स्क्रू काढला तसं गिअरचं तेल बाहेर आलं. ते काळं यायला हवं होतं, आलं पांढरं, दुधासारखं. म्हणजे सील केव्हाच फाटलं होतं आणि पाणी आत शिरत होतं. ओंडका फक्त निमित्त झाला. तिने पेटी उघडली, आत बोटं घातली आणि दातांचे तुकडे एकेक करून बशीत ठेवले.

सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. त्यांच्या तोंडात समोरचा एकही दात उरला नव्हता.

"माझ्यासारखंच झालं की त्याचं," त्या म्हणाल्या.

"हो ना, आई."

"पण मी अजून चावते. ह्याला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मिस्त्रीण शहरात गेली. मोडका गिअर जुन्या फडक्यात बांधून पिशवीत घेतला होता. कोळंबी काही वर्षभर राहत नाही. वारा फिरला की ती एका रात्रीत निघून जाते, आणि जी होडी तेव्हा काठावर असते ती पुढच्या मोसमापर्यंत काठावरच असल्यासारखी. म्हणून तिने कुठे बसून चहासुद्धा घेतला नाही.

इंजिनांच्या दुकानात काउंटरवर एक तरुण मालक होता. त्याने गिअर दोन बोटांत धरला, जसा कोणी मेलेला उंदीर शेपटीने धरतो.

"हे कुठून खणून काढलं?"

"होडीतून."

"ताई, याचे पार्ट येत नाहीत आता. तुम्ही नवीन इंजिन घ्या. धूर नाही, आवाज नाही, तेल मिसळायची भानगड नाही." त्याने भिंतीकडे हात केला. तिथे चकचकीत इंजिनं ओळीने टांगली होती. तिने ती बघितली. चांगली होती. नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त ती त्यांची होण्यासारखी नव्हती.

"भंगारवाल्यांकडे बघते," ती म्हणाली.

भंगाराच्या गल्लीत ती दुपारपर्यंत हिंडली. एका ठिकाणी याच इंजिनाचं नुसतं झाकण मिळालं. एकाने दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा गिअर आणून दाखवला आणि "घासला की बसेल" असं छातीठोकपणे सांगितलं. तिने दोन्ही शेजारी धरले. दात एकमेकांत बसायला तयार नव्हते.

"घासून घासून तुमची कानस संपेल," ती म्हणाली. तो हसला आणि त्याने पाणी विचारलं. ती प्यायली.

संध्याकाळची गाडी धरायच्या आधी ती पुन्हा पहिल्या दुकानावरून गेली, कारण फडकं तिथेच राहिलं होतं. आता काउंटरवर मालकाचा बाप बसला होता, जाड चष्म्याचा, दुपारची झोप काढून नुकताच उठलेला. त्याने गिअर मागून घेतला, तळहातावर ठेवला आणि अंगठ्याने गोंजारला.

"छान इंजिन होतं हो हे," तो म्हणाला. "माझ्याकडे नाही. असता तर मी तुम्हाला नाही म्हटलं नसतं. पण गंमत बघा, वर्षानुवर्षं याचं नाव कोणी काढत नाही आणि आता दोघं आले. मागे एक जण याच इंजिनाचा पिस्टन विचारून गेला."

"कोण?"

"नाव नाही माहीत. बोलत माझ्याशी होता, पण चौकातले लोक वळून बघत होते."

मिस्त्रिणीने फडकं घडी करून पिशवीत टाकलं. इतक्या मोठ्याने बोलणारा आणि हेच इंजिन असणारा माणूस तिला एकच माहीत होता. तो तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

गावात त्याला कर्णा म्हणत. जन्मभर इंजिनाला कान लावून बसल्याने त्याला कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नसेल असं समजून तो बोलायचा. तो खाडीच्या पलीकडच्या वस्तीत राहायचा. काही वर्षांपूर्वी त्याच्या होडीच्या पंख्याने सबुरीचं पसरलेलं जाळं उभं कापलं होतं. "जाळ्याला खुणेचा बोया नव्हता," असं कर्णा म्हणाला. "बोया होता, बघायला डोळे नव्हते," असं सबुरी म्हणाला. सबुरीने आयुष्यात एकदाच सबुरी सोडली ती तेव्हा. त्यानंतर दोघं समोरासमोर आले की आभाळाकडे बघत. बहीण माहेरी जायची, वहिनी इकडे यायची, पण मेहुण्या-मेहुण्यांत शब्द नव्हता. आणि हल्ली कर्णा समुद्रावर जात नव्हता. कंबर धरली आहे, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांना म्हणजे खरोखरच सगळ्यांना, दोन्ही काठांवर.

सकाळी ती तरीच्या होडीतून पलीकडे गेली. दादा खाटेवर पालथा पडला होता, पाठीवर गरम पाण्याची पिशवी होती. वहिनी दारात बसून जाळं विणत होती.

"या वन्सं," वहिनी म्हणाली आणि तोंड वळवून घेतलं. तिला हसू येत होतं.

"दादा, कुठे दुखतं रे?"

"इथे," दादाने उजवीकडे हात नेला.

"आणि पिशवी डावीकडे?"

दादाने पिशवी उजवीकडे सरकवली. ती खाटेच्या कडेला बसली.

"पिस्टन मिळाला का?"

आता वहिनीने जाळं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. दादा हळूहळू उठून बसला. त्याच्या कंबरेला काहीही झालेलं नव्हतं.

"कोणी सांगितलं?"

"ज्याला विचारलास त्यानेच."

दादाने इकडेतिकडे बघितलं आणि तो कुजबुजला. त्याची कुजबुज ऐकून अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. "धार बंद झाली होती. मी मागे बघितलंच नाही. पुढे मासळी दिसत होती. इंजिन तापलं, पिस्टन आतल्या आत चिकटला. सिलिंडरची सगळी भिंत खरवडून काढली त्याने." त्याने पिशवी बाजूला ठेवली. "बाबा काय म्हणायचे, आठवतंय तुला?"

"पोर आणि इंजिन, मुततंय तोवर काळजी नाही."

"हां. पहिलाच धडा. आणि माझ्या हातून तोच चुकला. ते काय मी लोकांना सांगत बसू? कंबर बरी."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग फडक्यातला गिअर काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट केला. मग बहिणीकडे बघितलं, परत गिअरकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुमचं खालचं गेलं. वरचं धड आहे."

"आणि तुझं वरचं गेलं. खालचं धड आहे."

"मग तुमचं वरचं मला दे. चांगल्या भावात घेतो."

"तुझं खालचं आम्हाला दे. आम्ही पण चांगल्याच भावात घेतो."

दोघंही बराच वेळ हेच बोलत राहिले, फक्त दादाचा आवाज चढत गेला. शेवटी वहिनी उठली. "एकाच्या घरात धड आहे आणि एकाच्या घरात पाय आहेत," ती म्हणाली. "दोघंही बसा कवटाळून. कोळंबी काय, ती येईलच चालत घरी."

दादाने मान खाजवली. "मी त्याच्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस," बहीण म्हणाली. "त्याच्याही कानांना तेवढाच आराम."

घरी तिने नवऱ्याला जेवताना सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"त्याचा पंखा? ज्या पंख्याने माझं जाळं कापलं, तो पंखा माझ्या होडीला?"

"हो. म्हणजे आता तो आपल्या ताब्यात येतोय."

सबुरी विचार करत राहिला. सासूबाई बिनदातांनी भाकरी चघळत त्याच्याकडे बघत होत्या. हळूहळू त्याच्या मिशीखाली हसू आलं आणि त्याने घास उचलला.

"तसं असेल तर बघू," तो म्हणाला.

दादा तरीतून उतरला आणि हातगाडीवरून खालचा भाग घेऊन आला. पोत्यात गुंडाळलेला होता, जसं आजारी माणसाला आणावं तसा. त्याने तो अंगणात उतरवला, सबुरीच्या डोक्यावरच्या आभाळाकडे बघितलं आणि बहिणीला म्हणाला, "त्यांना म्हणावं, दुसरी बाजू धरा."

सबुरी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. "त्यांना म्हणावं, ऐकू आलं. शहरातही ऐकू आलं असेल."

असं ते काम सुरू झालं. घोड्यावर टांगलेल्या इंजिनाचा मोडका खालचा भाग आधीच काढला होता. जोडाची जागा खरवडून स्वच्छ केली. मधला लांब दांडा वरच्या खाचांत बसवायचा होता, त्याच वेळी गिअरची सळी अडकवायची होती आणि पाण्याची नळी पंपात जायला हवी होती. एक बसलं की दुसरं सुटायचं. दोघं पुरुष दोन बाजूंनी वजन पेलत होते, त्यांच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या, आणि मिस्त्रीण मध्ये गुडघ्यांवर बसून हाताने चाचपत होती.

"त्यांना म्हणावं, जरा वर."

"त्यांना म्हणावं, वरच आहे. त्यांनीच खाली धरलंय."

"दोघंही गप्प बसा," ती म्हणाली. "पंखा फिरवा थोडा. अजून. बसलं."

पण बोल्ट लावायच्या आधी तिने सगळं परत उतरवलं. धारेचं पाणी वर चढवणारा पंप खालच्या भागाच्या माथ्यावर असतो, म्हणजे दादाच्या खालच्या भागाबरोबर दादाचाच पंप आला होता. तिने तो उघडला आणि आतलं रबरी चाक बाहेर काढलं. त्याची पाती वाळक्या पानांसारखी दुमडून बसली होती. दोन तर नव्हतीच.

"पंप मात्र आमचा," ती म्हणाली.

दादाने ते चाक हातात घेतलं आणि खिशात टाकलं. त्याच्या तोंडावरचा भाव बघून सबुरीने नजर वळवली. या वेळी आभाळाकडे नाही, जमिनीकडे. मग तो उठला आणि स्वतःच आत जाऊन चहा सांगून आला.

नवं तेल भरून, सगळं बसवून, त्यांनी इंजिनाचे पाय पाण्याच्या पिंपात सोडले. दादाने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. सबुरीने ओढली. दोघांनी पाळीपाळीने ओढली. घाम नाकावरून टपकत होता आणि इंजिन नुसतं खोकत होतं. मिस्त्रिणीने प्लग काढले, ते पेट्रोलने भिजले होते. तिने ते फडक्याने पुसले. सासूबाईंनी हात पुढे केला, "आण इकडे," आणि चुलीच्या कडेला नेऊन, पापड शेकावा तसे उलटसुलट शेकून आणले.

गरम प्लग बसवले, दोरी ओढली, आणि अंगणात धुराचा लोट उठला. वरचं इंजिन फिरलं, खालचा पंखा फिरला, पिंपातलं पाणी काठांवरून उसळलं. सगळे मागच्या भोकाकडे बघत राहिले. धार येईना. दादा खाली वाकला, डोळे बारीक केले, तोंड अगदी जवळ नेलं.

तेवढ्यात धार आली. सरळ त्याच्या तोंडावर.

"दादा, आता दिसली का?" सबुरी म्हणाला.

इतक्या वर्षांतला तो पहिला शब्द. अंगणात सगळे थांबले. दादाने तोंडावरून हात फिरवला, मिशीतलं पाणी झटकलं.

"दिसली, भावोजी," तो म्हणाला. "तुमचा बोया असा तोंडावर आला असता, तर तोही दिसला असता."

सबुरी पिंपाला धरून हसत सुटला. सासूबाईंना काय झालं ते कळलं नाही, तरी त्याही हसल्या.

कोणाची होडी हा प्रश्नच उरला नव्हता. दादाची इतके दिवस वाळूत उन्हाला पडून होती, तिच्या फळ्या सुकून फटी पडल्या होत्या. तेव्हा सबुरीच्या होडीतून तिघं निघाले. सुकाणूवर मिस्त्रीण, पुढे जाळ्याशी दोघं पुरुष. दादाला इंजिनाशी बसायचं होतं, तिने बसू दिलं नाही.

खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ होतं आणि वर पक्षी घिरट्या घालत होते.

"टाका, टाका," दादा म्हणाला.

"सबुरी," सबुरी म्हणाला. तो होडीच्या कडेला बसून पाण्याकडे बघत होता.

"अहो, जाईल ती."

"जाऊ दे."

दादाने बहिणीकडे बघितलं. तिने खांदे उडवले. उन्हात होडी डुलत राहिली. दादा तीनदा उठला, तीनदा बसला, शेवटी त्याने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मग पाण्याचा रंग बदलला, तपकिरीत एक लालसर छटा आली, आणि सबुरी उठून उभा राहिला. जाळं गेलं ते पसरत पसरत, एकदाही न गुंतता. दादाने ते जाताना बघितलं आणि एवढंच म्हणाला, "हात आहे हं तुमचा."

ओढताना मात्र दोघांचं बळ लागलं. पाय फळ्यांना टेकून, अंग मागे झोकून, हातावर हात टाकत त्यांनी जाळं वर घेतलं. दादाच्या तोंडाला खार लागला होता, सबुरीच्या फोडांतून पाणी येत होतं. होडीत कोळंबीचा ढीग पडला, उड्या मारणारा, टोचणारा, जिवंत. मिस्त्रीण एका हाताने सुकाणू धरून वळून वळून धारेकडे बघत होती. धार जाड आणि सरळ येत होती.

बंदरावर वहिनी आणि सासूबाई पाट्या घेऊन उभ्या होत्या. एक पाटी या घरची, एक त्या घरची, अशी वाटणी झाली. शेवटची अर्धी उरली ती कोणी घ्यायची यावर दोन्ही मेहुणे बराच वेळ एकमेकांना आग्रह करत राहिले, तोवर वहिनीने ती शेजाऱ्यांना देऊन टाकली.

पुढे रोजच तिघं तसे निघाले. कधी जाळं रिकामं आलं, कधी प्लग काळे झाले, एकदा पेट्रोलमध्ये दादाने तेल जास्त घातलं आणि सगळी खाडी धुराने भरली. बंदरावर लोक विचारायचे, "इंजिन कोणाचं?" तर सबुरी म्हणायचा, "सध्या चालू आहे."

मग एका सकाळी वारा फिरला. पाणी निवळलं, पक्षी दिसेनासे झाले, आणि मोसम संपला.

दादा आणि वहिनी हातगाडी घेऊन आले. इंजिन पुन्हा अंगणात घोड्यावर टांगलं होतं.

"माझं खालचं घेऊन जातो," दादा म्हणाला. "पिस्टन मिळेल कुठेतरी."

"बरोबर आहे," सबुरी म्हणाला. "आम्हालाही गिअर बघायलाच हवा."

दादाने जोडाच्या बोल्टला पाना लावला आणि जोर केला. मान लाल झाली. "हलत नाही," तो म्हणाला. "खाऱ्या पाण्याने जाम झालाय."

"बघू." सबुरीने पाना घेतला. दात आवळून त्यानेही जोर केला. "पार धरून बसलाय."

"मोडेल, फार ओढलं तर."

"मोडेल ना."

मिस्त्रीण पायरीवर बसून प्लग घासत होती. त्या बोल्टांना ग्रीस तिनेच लावलं होतं, भरपूर, बाबा लावायचे तसं. दोन बोटांनी सुटले असते. आणि तिला बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत होतं की दादाने पाना घट्ट करायच्या बाजूला फिरवला होता, आणि तिच्या नवऱ्यानेही.

तिने प्लगवर फुंकर घातली.

"राहू दे मग," दादा म्हणाला.

"राहू दे," सबुरी म्हणाला, आणि पाना भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

वहिनी येऊन तिच्या शेजारी पायरीवर टेकली आणि घामेजलेले हात पदराला पुसले.

"मी तर घरीच म्हणत होते, वन्सं," ती म्हणाली, "रिकामी हातगाडी कशाला ओढत नेता."